विहिरीत थर किती?

जाधव बाईंनी मला पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न असा होता : "सर, तुमच्या घरच्या विहिरीत थर किती आहेत?"

संगमनेरच्या पठार भागातल्या त्या हायस्कुलात मी मराठीचा शिक्षक म्हणून त्याच दिवशी रुजू झालो होतो. नाव, गाव, लग्न झालंय का, जागा कुठे बघितली, हे सगळं बाकीच्यांनी विचारून झालं होतं. खिडकीपाशी एक ठेंगण्या, सावळ्या बाई बाटल्या पुसत उभ्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, पदर कमरेला खोचलेला. विज्ञान आणि भूगोल त्यांच्याकडे होते. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि विहिरीचं विचारलं.

"पाणी आहे भरपूर," मी म्हणालो.

"पाणी सगळेच सांगतात. पाण्याच्या वर, भिंतीला काय आहे?"

मला सांगता येईना. आमची विहीर आजोबांनी पाडलेली. मी तिच्यात पोहायला शिकलो, मोटार बंद पडली की तिच्यात उतरलो, पण तिच्या भिंतीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. रविवारी घरी गेलो तेव्हा काठावर पालथा पडून पाहिलं. सोमवारी बाईंना सांगितलं, "पाच. वर काळी माती, मग पिवळी, मग वाळू आणि गोटे, पुन्हा पिवळी, तळाला खडक."

बाईंनी एक जाडजूड वही काढली आणि माझं आडनाव लिहून पुढे ते पाचही थर उतरवून घेतले. त्या वहीत तालुक्यातल्या कितीतरी विहिरी होत्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वाळूचा थर किती जाड?"

पुढच्या रविवारी मी दोरी घेऊन गेलो. आईला वाटलं, नोकरी लागली आणि पोराचं डोकं फिरलं.

त्यांच्या खिडकीतल्या बाटल्यांचीही हीच गत. प्रत्येक बाटलीत कुणाच्या तरी शेतातली मूठभर माती आणि गळ्यापर्यंत पाणी. बाटली जोरात हलवायची आणि खिडकीत ठेवून द्यायची. वाळू लगेच तळाला बसते, गाळाला तासभर लागतो, चिकणमाती मात्र दोनदोन दिवस पाणी गढूळ ठेवते. मुलं विचारत, "बाई, हे अजून का बसंना?" बाई म्हणत, "त्याला कुठे गाडी पकडायचीय?" एकदा साहेब तपासणीला येणार म्हणून मुख्याध्यापकांनी बाटल्या कपाटात ठेवायला सांगितलं. "आत्ताच हलवल्यात सर, आता हलवता येणार नाहीत," असं बाई इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मुख्याध्यापकांनाही ते पटल्यासारखं झालं. साहेब आले आणि त्या बाटल्यांपुढेच अर्धा तास उभे राहिले. जाताना स्वतःच्या गावची माती पाठवतो म्हणाले. त्यांनी पाठवलीही.

बाईंच्या शिकवण्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे मैदानावरचा भारत. आठवीला खंडांच्या हालचालींचा धडा होता. पुस्तकात दोन पानं. बाईंनी एक जाड दोर घेतला, तो खुंट्यांवर ताणून भारताचा आकार केला आणि जूनमध्ये मैदानाच्या दक्षिण टोकाला ठोकला. तिथून मागची भिंत म्हणजे अंटार्क्टिका, डावीकडचं चिंचेचं झाड म्हणजे आफ्रिका. पलीकडे पाण्याची टाकी होती, तो आशिया. रोज प्रार्थना झाली की आठवीची चार मुलं खुंट्या उपटून भारत वीतभर उत्तरेला सरकवत. थोडं पुढे गेल्यावर बाईंनी एक वीट मागे ठेवायला लावली. ते मादागास्कर. "त्याला तिथंच राहू द्या. त्याची सोबत इथपर्यंतच होती," त्या म्हणाल्या, आणि दोन मुली खरोखरच हिरमुसल्या.

डायनासोरांच्या काळात आपली जमीन एक बेट होती, समुद्रातून एकटीच उत्तरेला निघाली होती आणि वर्षाला जवळजवळ एवढीच, वीतभर सरकत होती, हे त्या मुलांना तोंडपाठ करावं लागलं नाही. फक्त त्यांचा एक दिवस म्हणजे तिचं एक वर्ष होतं. मधे एका जागी बाईंनी चुन्यानं गोल आखला होता. त्याच्यावर भारत आला की खालून लाव्हा फुटणार होता आणि आपलं सगळं पठार, भंडारदऱ्याचे ते पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, सगळं त्यातून तयार होणार होतं. मुलं त्या दिवसाची वाट बघत होती.

अडचण एवढीच, की डिसेंबरात भारत कबड्डीच्या मैदानात शिरला. पीटीचे शिंदे सर तणतणत शिक्षकखोलीत आले. "बाई, तालुक्याच्या स्पर्धा आठ दिवसांवर आल्यात. तुमचा भारत काढा तिथून."

"काढता येत नाही हो सर. तो वळून जात नाही."

"मग लवकर पुढं घ्या."

"दिवसाला एक वीत. त्याला मी काय करू?"

शेवटी कबड्डीचं मैदान सरकलं. भारत आपल्या वेगानं पुढे गेला आणि वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टाकीच्या ओट्याला टेकला. त्या दिवशी मुलांनी दोर इतका रेटला की त्याला वळ्या पडल्या. "हा हिमालय," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी स्वतः पाहिलंय. पुढच्या जूनपासून दरवर्षी नव्या आठवीनं भारत पुन्हा दक्षिण टोकापासून सरकवला.

बाई मूळच्या राहुरीकडच्या, ख्रिस्ती. त्यांचे वडील विहिरी पाडायला जात. लहानपणी त्यांची भाकरी घेऊन ही पोरगी विहिरीच्या काठावर बसे. एका नाताळला मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. त्यांचे म्हातारे चुलते आले होते, तेही वडिलांबरोबर विहिरी पाडलेले. करंजी हातात धरून त्यांनी एकदम विषय काढला.

"एस्तेर, तू पोरांना कोटी कोटी वर्सं शिकवती म्हनं. देवानं सहा दिसात केलं, ते खोटं का मंग?"

"खोटं कशाला, काका? पण दिवस केवढा होता, ते कुठं लिहिलंय?"

काकांनी करंजी उलटीपालटी करून पाहिली. मग स्वतःशीच म्हणाले, "व्हय की. सूर्यच चवथ्या दिसाला केलाय; आदीचे तीन दिस कोन मोजनार?" आणि त्यांनी करंजी खाल्ली. बाई रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत, सोमवारी शाळेत खंड सरकवत. या दोन्हींत त्यांची कधी ओढाताण झालेली मला दिसली नाही. पोटतिडिकीनं त्या फक्त एका गोष्टीवर बोलत : बघितल्याशिवाय बोलू नका.

त्या एका गोष्टीमुळंच पुढे गाव त्यांच्यावर चिडलं.

शाळेपासून कोसभरावर बबनराव म्हणून एका शेतकऱ्यानं शेततळं खोदायला घेतलं होतं. वरची माती गेल्यावर मुरूम लागला आणि त्या मुरमात गोलगोल दगड निघायला लागले. काही नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे, वर सालपटं सुटलेले. कुणीतरी मोबाईलवर त्यांचं शूटिंग केलं आणि "पठारावर सापडली डायनासोरची अंडी" असं लिहून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या बांधावर जत्रा. संगमनेरहून, थेट नाशिकहून गाड्या. सगळ्यात मोठ्या गोळ्याला कुणी तरी हळदकुंकू वाहिलं. बबनरावांच्या बायकोनं, लताबाईंनी, बांधावर वडापाव आणि चहाचा गाडा लावला. सरपंच तर हवेतच होते. गावाला कमान करायची, गाड्यांना जागा करायची, असं त्यांचं सगळं ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. "बाई, तुमी फकस्त बघून घ्या आन् शाळेच्या कागदावर दोन वळी लिवून द्या. बाकी आमी बघतो."

बाई तास सोडून निघाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तास सोडलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या आणि वाटेत दोनदा म्हणाल्या, "सर, जरा जोरात घ्या ना."

तळ्यात उतरल्यावर मात्र त्यांना घाई नव्हती. एक गोळा उचलला, उलटापालटा केला, भिंग लावलं. थुंकी लावून अंगठ्यानं घासलं. दुसरा घेतला. मग भिंतीत अजून अर्धे रुतलेले गोळे बघत बघत पूर्ण तळ्याला फेरी मारली. पुन्हा पहिल्या गोळ्याशी आल्या. दोन तास गेले. बांधावरची माणसं आधी कुजबुजत होती, मग काठाशी उकिडवी बसून बघायला लागली. लताबाईंनी चहा पाठवला, तो तसाच निवला.

शेवटी बाई सरळ उभ्या राहिल्या. "ही अंडी नाहीत."

"मंग काय हाय?" सरपंचांनी विचारलं.

"दगड. या मुरमातलाच. ऊनपावसानं चहूबाजूंनी कुजत आत गेला. कोपरे आधी झडले, गोल उरला."

"आन् ही टरफलं?"

बाईंनी नखानं एक सालपट उचकटलं. त्याखाली दुसरं निघालं. तेही काढलं. तिसरं. गर्दी पुढे झुकली. सोलत सोलत बाई आतल्या लिंबाएवढ्या काळ्या, टणक खड्यापर्यंत पोचल्या.

"पिल्लू हाय का त्यात?" मागून कुणी तरी विचारलं. कुणी हसलं नाही.

"हा सगळा लाव्हा आहे," बाई म्हणाल्या. "उकळत होता तेव्हा त्यात कोण येऊन अंडी घालील?"

सरपंच त्यांच्याजवळ आले, आवाज खाली करून म्हणाले, "बाई, आठ दिस गप राह्यला असता तर तुमचं काय जात व्हतं?" बाईंनी भिंग पुसून पिशवीत टाकलं. त्या वर आल्या तेव्हा लताबाई गाड्याशी उभ्या होत्या. त्यांची मुलगी आठवीत, बाईंच्याच वर्गात. "तीन दिस झालं न्हाईत गाडा लावून, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

परतताना बाई शाळा दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "सर, गोळा हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं. मग मी दोन तास काय करत होते, सांगू? अंडं ठरेल असं काहीतरी शोधत होते. मिळालं असतं ना, तर मी लिहून दिलं असतं."

गर्दी दोन दिवसांत ओसरली. गावानं मात्र बाईंशी बोलणं टाकलं. दळणाला गेल्या की त्यांचा डबा मागे राही. त्यांची बदली करा असा अर्ज संस्थेकडे गेला, तो कुणी गांभीर्यानं घेतला नाही हे नशीब. एका सकाळी मैदानावरचा भारत नाहीसा झालेला दिसला. दोर तोडून चिंचेखाली फेकलेला, खुंट्या गायब. आठवीची मुलं रडवेली झाली. बाई खाली बसून जमीन चाचपत होत्या. "भोकं आहेत की," त्या म्हणाल्या. "खुंट्या नेल्या, भोकं कशी नेतील?" दोराला गाठी मारून त्याच जागी भारत पुन्हा ठोकला आणि त्या दिवसाची वीत सरकवून मगच मुलं वर्गात गेली. लताबाईंची मुलगी त्या दिवशी दोराला हात लावायला आली नाही.

पण बाईंच्या डोक्यात वेगळंच काही होतं. त्या दिवशी तळ्याला फेरी मारताना त्यांनी भिंतीत खाली एक पट्टा बघितला होता. वर गोळ्यांचा मुरूम, मग हातभर विटकरी लाल माती, आणि तिच्याखाली, काळा पाषाण लागायच्या आधी, वीत-दीड वीत राखाडी चिकणमाती. लाल माती त्यांना सगळीकडे भेटत असे. लाव्ह्याच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मधे हजारो वर्षं जात, तेवढ्यात वरचा खडक कुजून माती होई, मग नवा लोट येऊन तिला भाजून काढी. पण ही राखाडी माती बारीक पदरांची होती, वहीच्या पानांसारखी.

"सर, ही बाटलीतली माती आहे," त्या मला म्हणाल्या. "संथ पाण्यात बसलेली. त्या दोन लोटांच्या मधे इथं पाणी होतं. आणि पाणी होतं म्हणजे त्यात कुणीतरी असणार."

अडचण अशी, की दहा दिवसांत तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरणार होते. एकदा कागद पडून पाणी भरलं, की संपलं.

बाई दुसऱ्याच दिवशी बबनरावांकडे गेल्या. मी सोबत होतो. बबनराव खाटेवरून उठले नाहीत. "आता काय राह्यलंय, बाई, मोडायचं?"

"काही मोडायचं नाही. बघायचंय. शाळा सुटल्यावर तासभर."

"न्हाई."

लताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "बघू द्या की. खोटं बोलून पोट भरायचं आसतं तर त्या दिशीच बोलल्या आसत्या."

बबनरावांनी खाटेवर कूस बदलली. तीच परवानगी समजून बाई रोज जाऊ लागल्या. एक चाकू, एक जुना टूथब्रश, बसायला गोणपाट. त्या पानं उलटावीत तशी माती पदरापदरानं सोडवत. मी शेजारी बसून वह्या तपासायचो. सात दिवस काही मिळालं नाही. मला कंटाळा आला होता, त्यांना नाही. "हा बघा सर, हा पदर जाड आहे. त्या वर्षी पाऊस मोठा झाला असणार," असं त्या काल घडल्यासारखं सांगत. माणूस यायला अजून कोट्यवधी वर्षं होती, हिमालय नव्हता, पठार निम्मंच झालं होतं आणि इथं कुठल्याशा वर्षी मोठा पाऊस झाला होता.

आठव्या दिवशी, उन्हं कलताना, त्यांनी मला हाक न मारता नुसती बाही ओढली. सोडवलेल्या पदरावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिळा होता. गोगलगाईच्या शंखाचा. मी भिंगातून पाहिला : अडीच वळसे, टोकाशी बारीक तोंड. मग बाईंनी भिंग परत घेतलं. त्यांनी चाकूचं टोक खाली घातलं, पदर उचलला आणि तो मधोमध फुटला. शंखाचं पीठ झालं. हातावर राखाडी भुकटी उरली, बास.

बाई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या.

"मी पाहिलाय ना बाई," मी म्हणालो. "दोघांनी पाहिलाय. गावात सांगू या. सरपंचांना सांगू."

"कशाच्या जोरावर? त्यांच्याकडे निदान गोळे तरी होते." त्यांनी हात झटकला नाही, रुमालात पुसला आणि रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. "नाही सर. दाखवता येत नाही ते सापडलं म्हणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कागद पडला.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि राहुरीला भाच्याकडे राहायला गेल्या. निरोप समारंभात सरपंचांनी त्यांना शाल दिली आणि भाषणात अंड्यांचा विषय टाळला. लताबाईंचा गाडा तोवर शाळेच्या फाटकापाशी आला होता, आणि शिक्षकखोलीचा चहा तिथूनच यायचा. ते बाईंनीच लावून दिलं होतं. मैदानावरचा भारत मी दोन वर्षं सरकवला. मग मुख्याध्यापक बदलले.

गेल्या उन्हाळ्यात मला बबनरावांचा फोन आला. "सर, तळ्याचा कागद इरलाय. नवा टाकायचाय. धा दिस तळं उघडं हाय. बाईंना कळवा."

मी बाईंना आणायला राहुरीला गेलो. गुडघे गेले होते, काठी आली होती. पण पिशवी भरून तयार होती. तळ्यावर पोचलो तेव्हा पेच पडला. उतार तीव्र, बाईंना उतरता येईना. बबनराव गाळ काढायला आलेल्या जेसीबीवाल्याकडे गेले, काहीतरी बोलले. जेसीबीचं लोखंडी खोरं बांधाला टेकलं. लताबाईंनी त्यात गोधडी घातली. बाई पदर खोचून त्यात बसल्या आणि खाली गेल्या.

सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचा चाकू चालला. ह्या वेळी त्यांनी माती सोडवायच्या आधी पदरावर पातळ डिंक लावला होता. साडेबाराच्या सुमाराला त्यांनी वर बघून हात केला. खोरं वर आलं तेव्हा त्यांच्या मांडीवर औषधाची रिकामी डबी होती, डबीत कापूस, कापसावर नखाएवढा मातीचा पापुद्रा आणि त्यात तो पिळा. अख्खा.

सगळ्यांनी आळीपाळीनं भिंग लावून पाहिलं. सरपंचही आले होते, आता माजी. "मंग बाई, ह्येला व्हय म्हनायचं का?"

"मी म्हणते. पण पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवू. त्यांनी म्हटलं की मग तुम्ही म्हणा."

बबनराव सगळ्यात जास्त वेळ भिंगाला डोळा लावून उभे होते. "ही पान्यातली गोगलगाय?"

"साठलेल्या पाण्यातली."

"म्हंजी हितं, आपला दगूड व्हायच्या आदी..." ते थांबले. त्यांनी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "बाई, म्हंजी म्या जिथं तळं खांदलं, तिथं आदी तळंच हुतं?"

"हो, बबनराव."

त्यांनी ते लताबाईंना सांगितलं, जेसीबीवाल्याला सांगितलं, मग मोबाईल काढून कुणाला तरी सांगायला लागले. त्या दिवशी बांधावर बसून आम्ही सगळे जेवलो. जेवण झाल्यावर बाईंनी हात धुतले आणि पुन्हा खोऱ्यात जाऊन बसल्या.

"आता कशापायी, बाई? गावली की," लताबाई म्हणाल्या.

"एक सापडली म्हणजे ती एकटी नसणार," बाई म्हणाल्या, आणि जेसीबीवाल्याला त्यांनी हातानं खूण केली. खोरं खाली जायला लागलं. गोळ्यांचा मुरूम गेला, लाल माती गेली. बाईंनी एक हात बाहेर काढून बोटं भिंतीला लावली होती आणि त्या खाली बघत होत्या.